सापळ्यातले पतंग, तापमान आणि आर्द्रता: मोजणी कुठे चुकते आणि नीट कशी करायची

प्रकाश सापळा लावला, सकाळी पतंग मोजले, शेजारी त्या रात्रीचं तापमान आणि आर्द्रता लिहिली, महिन्याभराने आलेख काढला. "दमट रात्री पतंग जास्त" असा निष्कर्ष निघाला. बहुतेक नोंदी अशाच चालतात आणि बहुतेक निष्कर्ष इथेच चुकतात.

सापळ्यात आलेले पतंग म्हणजे परिसरात असलेले पतंग नव्हेत. पकडीचा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: परिसरात पतंग किती होते, त्यातले त्या रात्री उडाले किती आणि उडालेल्यांपैकी दिव्याकडे ओढले गेले किती. तापमान आणि आर्द्रता या तिन्हींवर परिणाम करतात, पण तो वेगवेगळ्या मार्गांनी आणि वेगवेगळ्या वेगाने होतो. थंड रात्री पकड निम्म्यावर येते तेव्हा पतंग मेलेले नसतात, झाडाच्या सालीवर बसून असतात. पुढचे सगळे टप्पे हे तीन घटक एकमेकांपासून सुटे करण्यासाठी आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: प्रश्न आधी लिहून काढा

प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या मोजमापांतून येतात.

पहिला: आज रात्रीच्या हवेमुळे पतंगांची हालचाल किती बदलते? यासाठी त्याच रात्रीचं तापमान आणि आर्द्रता लागते.

दुसरा: मागच्या काही आठवड्यांच्या हवामानामुळे पतंगांची संख्या किती बदलली? यासाठी अंडी, अळी आणि कोष या अवस्था ज्या काळात गेल्या त्या काळाची नोंद लागते. आजच्या रात्रीचं तापमान इथे जवळजवळ निरुपयोगी आहे.

दोन्ही प्रश्न एकाच आलेखावर सोडवायला गेलं की गोंधळ ठरलेला. पहिल्याचं उत्तर एका हंगामाच्या नोंदींतून मिळू शकतं. दुसऱ्यासाठी एकाच जागी, एकाच पद्धतीने निदान तीन-चार हंगामांच्या नोंदी हाताशी हव्यात.

## टप्पा २: सापळा, दिवा आणि बॅटरी

एक प्रकारचा सापळा निवडा आणि पूर्ण अभ्यासभर तोच ठेवा. पेटीचा सापळा, नरसाळ्याचा सापळा, पांढरा पडदा, कोणताही चालेल. पण पडद्यावरची मोजणी निरीक्षक किती वेळ जागा राहिला यावर अवलंबून असते, म्हणून हवामानाच्या अभ्यासासाठी आपोआप पकडणारा सापळाच घ्या. आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे रचून ठेवा. पतंग त्यांच्या खाचांत शांत बसतात, पंख झिजत नाहीत आणि सकाळी मोजणं सोपं जातं. मारणारं रसायन वापरू नका. संख्येच्या अभ्यासाला त्याची गरज नाही.

दिव्याबाबत तीन नियम:

1. प्रकार आणि वॅट बदलायचे नाहीत. १२५ वॅटचा मर्क्युरी व्हेपर दिवा आणि १५ वॅटची अतिनील नळी यांची पकड एका तक्त्यात मांडता येत नाही.
2. नळी किती तास जळली याची वही ठेवा. डोळ्यांना प्रकाश तेवढाच दिसतो, पण अतिनील भाग आधीच घटलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला नवी नळी लावा, मध्येच बदलू नका.
3. दिवा मावळतीला लागला पाहिजे आणि उजाडेपर्यंत जळला पाहिजे. हाताने लावण्यापेक्षा टायमर किंवा प्रकाशावर चालणारा स्विच बरा.

बॅटरीचा हिशेब कागदावर करा. १५ वॅटचा दिवा १२ तास म्हणजे १८० वॅट-तास. १२ व्होल्टला भागलं की १५ अँपिअर-तास. जोडणीतली गळती धरून १८. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे बॅटरी ३६ अँपिअर-तासांच्या आसपासची हवी.

सावधान: थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता घटते. जेमतेम पुरणारी बॅटरी थंड रात्री पहाटेआधीच मान टाकते, पकड कमी येते आणि दोष तापमानावर जातो. ही चूक आलेखात अजिबात दिसत नाही, उलट आलेख फार सुंदर येतो. म्हणून दिवा लावताना आणि काढताना व्होल्ट मोजून लिहा.

सावधान: मर्क्युरी व्हेपर दिवा तापलेला असताना पावसाचा थेंब पडला तर काच तडकते. वर पावसाचं छत्र हवंच. बाहेरची काच फुटलेला दिवा पेटता असला तरी ताबडतोब बंद करा, कारण त्यातून डोळ्यांना आणि त्वचेला घातक किरण बाहेर पडतात. जवळ काम करताना अतिनील रोखणारा चष्मा घाला. उघड्यावरच्या मुख्य वीजजोडणीला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर दिवा लावूच नका.

## टप्पा ३: मापकांची परीक्षा

विकत आणलेला डेटा लॉगर (तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवत राहणारं छोटं यंत्र) बरोबरच दाखवतो असं धरून चालणं महागात पडतं. आर्द्रतेचे साधे संवेदक नवे असतानाही दोन-तीन टक्के इकडेतिकडे असतात आणि दमट हवेत महिनोन्महिने राहिले की हळूहळू सरकतात.

तापमान: बर्फाचा चुरा करा, त्यात थोडं पाणी घालून दाट लगदा करा. लॉगर दोन घट्ट बंद पिशव्यांत घालून त्यात अर्धा-पाऊण तास पुरून ठेवा. वाचन ० अंशावर स्थिरावलं पाहिजे. फरक आला तर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक वाचनातून तेवढा वजा करायचा.

आर्द्रता: बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या. ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाका. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. टोपण आणि लॉगर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मीठ लॉगरला लागू देऊ नका. तापमान स्थिर असलेल्या खोलीत १२ तास राहू द्या. २० ते २५ अंशांना आतली हवा ७५ टक्क्यांवर येते. लॉगर ७९ दाखवत असेल तर तो ४ टक्के जास्त दाखवतो आहे.

हा एकाच बिंदूचा ताळा आहे. रात्रीची हवा बहुधा याहून दमट असते, म्हणून जमलं तर पोटॅशियम सल्फेटच्या ओल्या लगद्यावर वरचा बिंदूही तपासा; तिथे सुमारे ९७ टक्के यायला हवेत. परीक्षा हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी, अशी दोनदा करा.

तपासा: दोन लॉगर असतील तर ते एक पूर्ण रात्र शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या अंशापेक्षा किंवा ३ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर दोन जागांची तुलना करण्याआधी ती दुरुस्त करा.

## टप्पा ४: जागा आणि मांडणी

लॉगर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या आवरणात टांगा. आवरण विकत मिळालं नाही तर पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा उपड्या करून, मध्ये दीड-दोन सेंटीमीटर फट ठेवून एकावर एक बसवा. लॉगर मधल्या बशांच्या पोकळीत राहतो. उघडा लॉगर स्वच्छ रात्री आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव धरतं.

लॉगर सापळ्यापासून ५ ते १० मीटर अंतरावर, पण त्याच प्रकारच्या झाडोऱ्यात असावा. दिव्याच्या कडेला ठेवला तर दिव्याचंच तापमान मोजलं जातं. भिंत, पाण्याची टाकी आणि फरशी यांच्याजवळही नको, कारण दिवसभर साठलेली उष्णता त्या रात्री सोडत राहतात.

दूरच्या हवामान केंद्राचे आकडे वापरण्याचा मोह टाळा. खोलगट जागेत रात्री थंड हवा साचते. काही मीटर उंचीच्या फरकानेही तापमान दोन-तीन अंशांनी बदलू शकतं. केंद्राचे आकडे पाऊस आणि वाऱ्यासाठी घ्या, तापमान आणि आर्द्रता मात्र जागेवरचीच हवी.

दोन सापळे असतील तर त्यांत किमान १०० मीटर अंतर ठेवा आणि एका दिव्यापासून दुसरा दिसणार नाही अशी जागा बघा. रस्त्याचा दिवा सापळ्यावर पडत असेल तर ती जागा सोडा.

## टप्पा ५: रात्री आधीच ठरवा

हवा बघून सापळा लावायचा नाही. "आज उबदार आणि ढगाळ आहे, आज लावू" असं म्हटलं की अभ्यास तिथेच संपला. थंड, कोरड्या, वाऱ्याच्या रात्री नोंदीत आल्याच नाहीत तर तुलना कशाशी करणार?

शक्य असेल तर रोज, नाहीतर दर तिसऱ्या रात्री, अशा तारखा कॅलेंडरवर लिहून टाका. आठवड्याचा ठरावीक वारही चालतो, पण मग पौर्णिमा-अमावास्यांचा समतोल साधायला जास्त महिने लागतात. साठ रात्रींपेक्षा कमी नोंदींवर तापमान आणि आर्द्रता यांचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून फक्त हंगामाची चढ-उतार दिसते.

## टप्पा ६: संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा क्रम

1. मावळतीच्या अर्धा तास आधी लॉगर चालू आहे ना आणि त्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघा. दर १० मिनिटांना एक वाचन पुरतं.
2. व्होल्ट लिहा, दिवा लावा, वेळ लिहा.
3. ढग किती ते आकाशाच्या आठव्या भागांत लिहा: ० म्हणजे निरभ्र, ८ म्हणजे पूर्ण झाकलेलं. चंद्र वर आहे का, तेही लिहा.
4. वारा: पानं फक्त सळसळतात, बारीक फांद्या हलतात की मोठ्या फांद्या हलतात. वेगमापक नसेल तर या तीन पायऱ्या पुरेत.
5. उजाडण्यापूर्वी सापळ्याशी पोहोचा. आधी बाहेर, भिंतीवर आणि गवतावर बसलेले मोजा, मग आतले.
6. मोजून झाल्यावर पतंग दाट, सावलीच्या झाडोऱ्यात सोडा, रोज वेगळ्या ठिकाणी. मोकळ्यावर झटकले तर दोनच दिवसांत पक्षी वेळेवर हजर होतात.

सकाळी उशीर करू नका. उजाडल्यावर पक्षी, पाली, मुंग्या आणि गांधीलमाश्या सापळ्याभोवतीचे पतंग वेचून नेतात, आणि उबदार सकाळी पतंग लवकर उडूनही जातात. म्हणजे उशिराने होणारा तोटा तापमानानुसार बदलतो. हवामानाच्या अभ्यासात असा तोटा सर्वांत घातक.

तारीख: रात्र दोन तारखांत विभागलेली असते. नेहमी संध्याकाळची तारीख लिहा. अर्ध्या नोंदी संध्याकाळच्या आणि अर्ध्या सकाळच्या तारखेने असल्या की पकड शेजारच्या रात्रीच्या हवामानाला जोडली जाते, आणि नंतर ते कुणालाच सापडत नाही.

शून्य आणि रिकामी जागा: सापळा रात्रभर चालला आणि एकही पतंग आला नाही तर ० लिहा. दिवा विझला, पाणी शिरलं, कुणी सापळा हलवला तर रकाना रिकामा ठेवा आणि कारण लिहा. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली तर पुढचं कोणतंही गणित ती सोडवू शकत नाही.

## टप्पा ७: आर्द्रतेचा आकडा वापरण्याजोगा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेतलं पाणी नव्हे. त्या तापमानाला हवा जितकं बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, एवढंच तो आकडा सांगतो. संध्याकाळी ३० अंश आणि ५० टक्के असलेली हवा रात्री २२ अंशांवर आली तर आर्द्रता ८० टक्के दाखवते, आणि हवेत पाण्याचा एक कणही वाढलेला नसतो. त्यामुळे टक्केवारीचा आलेख काढला की अनेकदा तापमानाचाच आलेख उलटा करून बघितला जातो.

पतंगाच्या शरीराला जाणवते ती हवेची पाणी शोषण्याची ओढ. तिला बाष्पदाब तूट म्हणतात. ती काढायला संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावर असतो तो बाष्पाचा दाब, लागतो:

- १० अंश: १.२३ किलोपास्कल
- १५ अंश: १.७१
- २० अंश: २.३४
- २५ अंश: ३.१७
- ३० अंश: ४.२४
- ३५ अंश: ५.६२

कृती सोपी आहे. १०० मधून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा, १०० ने भागा, आलेल्या संख्येला त्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने गुणा. २० अंश आणि ८० टक्के: ०.२ × २.३४ = ०.४७ किलोपास्कल. ३० अंश आणि ८० टक्के: ०.२ × ४.२४ = ०.८५. आर्द्रता दोन्हीकडे ८० टक्केच, पण दुसरी हवा जवळपास दुप्पट वेगाने पाणी ओढते. लहान अंगाच्या पतंगांना हा फरक जास्त भोवतो, कारण शरीराच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो.

प्रत्येक १० मिनिटांच्या वाचनाची तूट आधी काढा आणि मग रात्रीची सरासरी घ्या. सरासरी तापमान आणि सरासरी आर्द्रता यांवरून काढलेली तूट चुकीची येते, कारण संपृक्त दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही.

सरासरी कोणत्या वेळेची? मावळतीपासून उगवतीपर्यंतची एक आणि मावळतीनंतरच्या पहिल्या चार तासांची दुसरी. पूर्ण दिवसाचं कमाल-किमान तापमान इथे कामाचं नाही. दुपारच्या उन्हाचा रात्रीच्या उड्डाणाशी थेट संबंध नाही.

तपासा: लॉगर सलग तीन-चार तास १०० टक्के दाखवत असेल आणि उजाडल्यावरही खाली येत नसेल तर संवेदकावर पाणी धरलं आहे. धुक्याच्या रात्रींत हे होतं. त्या वाचनांवर खूण करून ती वेगळी ठेवा.

## टप्पा ८: पकडीचे आकडे

एका रात्री ९ पतंग आणि दुसऱ्या रात्री ९९ आले तर साधी सरासरी ५४ येते, आणि ती एका मोठ्या रात्रीच्या जोरावर उभी असते. हवामान पकडीची बेरीज-वजाबाकी करत नाही, पट करतं. म्हणून प्रत्येक आकड्यात १ मिळवून त्याचा १० पायाचा लॉगरिथम घ्या. ९ चा १ होतो, ९९ चा २ होतो. सरासरी १.५, म्हणजे परत फिरवल्यावर सुमारे ३१ पतंग. १ मिळवायचा तो शून्याच्या रात्रींसाठी.

आता हंगाम बाजूला काढायचा आहे. रोजच्या नोंदी असतील तर प्रत्येक रात्रीसाठी आधीच्या १४, नंतरच्या १४ आणि ती स्वतः, अशा २९ रात्रींच्या लॉगची सरासरी काढा आणि त्या रात्रीच्या लॉगमधून वजा करा. २९ हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने या सरासरीत एक पूर्ण चंद्रचक्र येतं. उरतो तो त्या रात्रीचा फरक. +०.३ म्हणजे नेहमीच्या दुप्पट पकड, −०.३ म्हणजे निम्मी.

सावधान: तापमान आणि बाष्पदाब तूट यांतूनही त्यांची २९ रात्रींची सरासरी अशीच वजा करा. फक्त पकडीतून हंगाम काढला आणि हवामानात तसाच ठेवला तर खरा परिणामही पुसट होतो.

चंद्राचा परिणाम फरकात अजून शिल्लक असतो. चांदण्या रात्री दिव्याची ओढ कमी पडते. म्हणून अंधाऱ्या आणि चांदण्या रात्रींचे दोन गट करा आणि प्रत्येक गटात स्वतंत्र तुलना करा. जोराच्या वाऱ्याच्या आणि पावसाच्या रात्री तिसऱ्या गटात.

मग तापमानाच्या फरकानुसार रात्रींचे तीन भाग पाडा: थंड, नेहमीच्या, उबदार. प्रत्येक भागात कमी तुटीच्या आणि जास्त तुटीच्या रात्री समोरासमोर ठेवा. आर्द्रतेचा परिणाम तिन्ही भागांत एकाच दिशेने दिसला तरच तो मांडा. एकाच भागात दिसत असेल तर तसंच लिहा: "फक्त उबदार रात्री".

संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मोजणीसाठी ऋण-द्विपद (negative binomial) मॉडेल घ्यावं, त्यात हंगाम, चंद्र, वारा आणि ढग हे घटक घालावेत आणि लागोपाठच्या रात्रींचे उरलेले फरक एकमेकांशी जोडलेले तर नाहीत ना, हे तपासावं.

## टप्पा ९: मागच्या आठवड्यांचा हिशेब

हा दुसऱ्या प्रश्नाचा भाग. इथे सगळ्या पतंगांची एक बेरीज चालत नाही, जात किंवा निदान कुळ वेगळं करावं लागतं. स्फिंजिडी (हॉक मॉथ) कुळातले जाड अंगाचे पतंग पंख थरथरवून उड्डाणाचे स्नायू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापवतात. जिओमेट्रिडी या दुसऱ्या कुळातल्या बऱ्याच बारीक पतंगांना ते जमत नाही, तरी त्यांच्यातल्या काही जाती गोठणबिंदूच्या जवळपासही उडतात. दोघांची बेरीज केली की दोघांचीही गोष्ट हरवते.

वाढीचा वेग मोजायला अंश-दिवस वापरा. दिवसाचं कमाल आणि किमान यांची सरासरी काढून त्यातून जातीचा वाढीचा उंबरठा, म्हणजे ज्याखाली तिची वाढ थांबते ते तापमान, वजा करायचा. कमाल ३२, किमान २० आणि उंबरठा १० असेल तर त्या दिवशी १६ अंश-दिवस जमा झाले. उत्तर ऋण आलं तर ० धरा. उंबरठा जातीनुसार बदलतो, दुसऱ्या जातीचा उचलू नका. फार उष्ण दिवसांत वाढ मंदावते, तिथे हा साधा हिशेब फसतो.

आर्द्रतेचा परिणाम अवस्थेनुसार उलटसुलट होतो. कोरड्या हवेत अंडी सुकतात. सलग दमट दिवसांत अळ्यांवर बुरशीजन्य रोग पसरतात. मातीतले कोष कोरडेपणाने मरतात तसे पाणी साचूनही मरतात. म्हणून एका महिन्याची सरासरी आर्द्रता लावण्याऐवजी मागे जात एकेका आठवड्याचं तापमान, पाऊस आणि तूट स्वतंत्र रकान्यात मांडा आणि कोणता आठवडा कोणत्या अवस्थेवर पडतो ते आधी लिहा, आलेख नंतर बघा. आठ आठवडे चाळून जो जुळला तो उचलला तर योगायोगाने काहीतरी जुळतंच.

## टप्पा १०: निष्कर्ष लिहिण्याआधी

ढगाळ रात्र उबदार राहते, तिची आर्द्रता जास्त असते आणि तिच्यात चंद्र झाकलेला असतो. तिन्ही गोष्टी एकदम येतात. "आर्द्रतेमुळे पतंग वाढले" असं लिहिण्यापूर्वी ढगाळ पण कोरड्या आणि निरभ्र पण दमट रात्री नोंदीत आहेत का ते शोधा. नसतील तर हा अभ्यास ढग आणि आर्द्रता यांना वेगळं करू शकत नाही, आणि तसंच लिहायला हवं.

तापमानाची रेषाही नोंदीबाहेर ओढू नका. १४ ते २६ अंशांत पकड वाढत गेली म्हणून ३२ अंशांनाही ती वाढेल असं नाही. उष्ण आणि कोरड्या हवेत ती सपाट होऊ शकते किंवा उतरू शकते.

आणि शब्द जपून वापरा. टप्पा ८ मधून आलेलं उत्तर "उबदार रात्री पकड वाढते" इतकंच असतं. "पतंगांची संख्या वाढते" हे वाक्य टप्पा ९ पूर्ण केल्याशिवाय लिहू नका.